वाचकांचे प्रश्न : कांदा, कोद्रा आणि पाच कोश

मागील अंकात या सदरात तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांवर एक छोटे टिपण आले होते. माणसाचे अन्नमय (शरीर), प्राणमय (श्वास आणि जीवनशक्ती), मनोमय (मन), विज्ञानमय (बुद्धी) आणि आनंदमय (आनंद) असे एकाच्या आत एक पाच स्तर त्या उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत, म्हणजे दुसऱ्या प्रकरणात, सांगितले आहेत, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर पुण्यातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी सहा वर्षे एका योगवर्गाला जाते. आमच्या शिक्षिका सांगतात की पाच कोश हे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे असून एकेक सोलत आत जायचे असते. गुडघा दुखत असल्यामुळे मला वज्रासन जमत नाही, म्हणून त्यांनी परवा सर्वांसमोर ‘तुम्ही अजून अन्नमयातच अडकला आहात’ असे सांगितले. गुडघा बरा झाल्याखेरीज पुढच्या कोशात जाता येत नाही का?
(एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : गुडघ्याचे आधी सांगतो. तो दुखत असताना वज्रासनाचा हट्ट धरू नये, आणि ते केले नाही म्हणून कोणताही कोश आपल्यावर रुसत नाही. माझाही डावा गुडघा गेली काही वर्षे संपावर आहे.

आता कांद्याकडे वळू. ही उपमा अगदीच निराधार नाही, पण ती जशी वापरली जाते तशी मूळ ग्रंथात नाही. उपनिषदात प्रथम ‘स वा एष पुरुषोऽन्नरसमयः’ असे म्हटले आहे, म्हणजे हा माणूस अन्नाच्या रसाचा बनलेला आहे. लगेच पुढे ‘तस्येदमेव शिरः, अयं दक्षिणः पक्षः, अयमुत्तरः पक्षः, अयमात्मा, इदं पुच्छं प्रतिष्ठा’ असे येते: हेच त्याचे डोके, हा उजवा पंख, हा डावा पंख, हे धड, आणि हे शेपूट, ज्याच्यावर सगळे टेकलेले आहे. ‘हे’, ‘हा’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. शिकवणाऱ्याचा हात शब्दांबरोबर स्वतःच्या डोक्याकडे, मग उजव्या बाहूकडे, मग डाव्या बाहूकडे जात असणार, नाहीतर या सर्वनामांना अर्थच उरत नाही. ज्यांच्या डोळ्यांसमोर पक्ष्याच्या आकाराची यज्ञचिती, म्हणजे विटांची वेदी, होती, अशा कृष्णयजुर्वेदी लोकांचा हा ग्रंथ आहे. त्यामुळे माणसाला पंख आणि शेपूट असल्याचे त्यांना वावगे वाटले नाही.

त्यानंतरचे वाक्य आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. या अन्नरसमयाहून वेगळा, त्याच्या आतला आत्मा प्राणमय आहे, असे सांगून उपनिषद म्हणते, ‘तेनैष पूर्णः’, म्हणजे त्याने हा भरलेला आहे. मग प्राणमयाच्या आत मनोमय, आणि पुन्हा तेच ‘तेनैष पूर्णः’. कांद्याचा आतला पापुद्रा बाहेरच्या पापुद्र्याला भरून टाकत नाही, तो नुसता त्याच्या आत असतो. येथे मात्र आतला बाहेरच्यात सर्वत्र आहे, जसे मळलेल्या कणकेत पाणी सर्वत्र असते आणि त्याची वेगळी जागा बोटाने दाखवता येत नाही. शिवाय प्रत्येक आतला स्तर ‘पुरुषविध एव’, म्हणजे बाहेरच्याच माणसाच्या आकाराचा आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात यासाठी मुशीत ओतलेल्या वितळलेल्या तांब्याच्या मूर्तीची उपमा दिली आहे. पुण्याच्या वाचकांना तांबे म्हटले की कसब्यातली तांबट आळी आणि तिथले ठोके आठवतील, पण ही उपमा ठोक्याची नसून ओतकामाची आहे, तांबटाची नसून ओताऱ्याची आहे. रस मुशीच्या कानाकोपऱ्यांत पोहोचतो आणि मुशीचाच आकार घेतो.

आचार्यांनी सोलण्याची उपमाही दिली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, पण त्यांनी कांदा न घेता कोद्रा हे भरड धान्य घेतले. कोद्र्याच्या दाण्यावर एकावर एक अनेक टरफले असतात आणि ती काढल्यावर आतला तांदूळ मिळतो, तसे पंचकोश दूर सारून आतले ब्रह्म दाखवायचे, असे ते लिहितात. कांदा सोलत गेल्यास शेवटी हातात काहीच उरत नाही, डोळ्यांत पाणी तेवढे येते. कोद्र्याचा मात्र दाणा उरतो. दुसरे असे की, हे कोश ‘अविद्याकृत’ आहेत आणि ते दूर होतात ते विद्येने, असे त्याच वाक्यात म्हटले आहे. म्हणजे सोलायचे आहे ते शरीर किंवा मन नव्हे, ‘हेच मी’ ही समजूत सोलायची आहे, आणि त्या कामाला गुडघ्याचे प्रमाणपत्र लागत नाही.

या पाच ठिकाणी मूळ उपनिषदात ‘कोश’ हा शब्द नाही, तेथे ‘आत्मा’ हा शब्द आहे, हेही ध्यानात घ्यावे. ‘कोश’ म्हणजे तलवारीची म्यान, रेशमाच्या किड्याचे घरटे, राजाचा खजिना. आपल्या शब्दकोशातला कोश तो हाच. त्याच उपनिषदाच्या पहिल्या वल्लीत तो शब्द येतो, पण ओंकाराला उद्देशून: ‘ब्रह्मणः कोशोऽसि’, तू ब्रह्माचा कोश आहेस. म्हणजे झाकणारा तो कोश, आणि जपणाराही तोच.

हे सर्व प्रत्यक्षात कसे असते ते कर्वे रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. अचानक एखादी रिक्षा डावीकडून आडवी येते. त्या क्षणी मुठी हँडलवर आवळल्या जातात, श्वास अडकतो, एक अपशब्द मनात तयार होतो, आणि तो ओठांपर्यंत येण्याच्या आत ‘जाऊ दे, त्याच्या मागे शाळेतली मुले बसली आहेत’ असा निवाडाही होतो. हात, श्वास, मन आणि निवाडा या चौघांना मिळून अर्धा सेकंदही लागत नाही. यातले कोण आधी सोलले गेले? म्हणून कोणालाही ‘अमुक कोशात अडकलेला’ म्हणणे हे वर्गातल्या मुलाला इयत्ता लावण्यासारखे आहे, आणि या पाचांना इयत्ता नाहीत. आपल्या शिक्षिकांचा हेतू वाईट नसेलही, पण सर्वांसमोर तसे म्हणायला नको होते.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी पतंजलींची योगसूत्रे दोनदा वाचली आणि शब्दसूची करून पाहिली. त्यांत पंचकोश कोठेही सापडले नाहीत. मग सगळे योगशिक्षक ‘योगशास्त्रातील पाच कोश’ असे का म्हणतात?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : शब्दसूची करणारा वाचक मिळणे हे सदरलेखकाचे भाग्य, आणि थोडी धास्तीही. आपले निरीक्षण बरोबर आहे. योगसूत्रांत, मग ती १९५ मोजा किंवा काही प्रतींप्रमाणे १९६, पंचकोशांची मांडणी नाही. पतंजलींची विभागणी वेगळी आहे. त्यांना एका बाजूला पाहणारा पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, दिसतो आणि दुसऱ्या बाजूला पाहिले जाणारे सगळे, म्हणजे शरीर, इंद्रिये, चित्त आणि त्यांच्या मुळाशी असलेले तीन गुण. ही सांख्य नावाच्या दर्शनाची वाट आहे. सांख्य-योगात पुरुष अनेक आहेत, तर पंचकोशांच्या आत अद्वैत वेदान्ताला जे सापडते ते एकच आहे. हा मतभेद किरकोळ नाही, आणि ‘शेवटी सगळे एकच’ असे म्हणून त्याच्यावर पांघरूण घालणे मला आवडत नाही.

कोशांची मांडणी उपनिषदातून वेदान्तात आली. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशीत तर पंचकोशविवेक नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वेदान्त्यांनी पुढे तिची तीन शरीरांशी सांगड घातली: अन्नमय म्हणजे स्थूल शरीर, मधले तीन मिळून सूक्ष्म शरीर, आणि आनंदमय म्हणजे कारण शरीर. विसाव्या शतकात योगाभ्यास वर्गावर्गांतून शिकवला जाऊ लागला, तेव्हा पतंजलींची आठ अंगे आणि उपनिषदाचे पाच कोश एकाच फळ्यावर लिहिले जाऊ लागले. पुण्यात याचे जवळचे उदाहरण बी. के. एस. अय्यंगार यांचे आहे. ते १९३७ मध्ये पुण्यात आले, शिवाजीनगरातील त्यांची संस्था १९७५ मध्ये सुरू झाली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन लाइफ’ या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाची मधली प्रकरणेच या पाच स्तरांच्या क्रमाने लावलेली आहेत. सूत्रांवर आयुष्यभर चिंतन केलेल्या माणसाला ही जोडणी का सुचली असावी, याचे उत्तर मला सूत्रांतच दिसते.

पहिल्या पादातील एकतिसावे सूत्र पाहावे: ‘दुःखदौर्मनस्याङ्गमेजयत्वश्वासप्रश्वासा विक्षेपसहभुवः’. चित्त विखुरले की त्याच्याबरोबर दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा थरकाप आणि श्वासोच्छ्वासाची गडबड हे सारे येते. ‘सहभुवः’ म्हणजे एकाच वेळी होणारे. पतंजलींनी कोश हा शब्द वापरलेला नाही, पण शरीर, श्वास आणि मन एकमेकांत कसे मिसळलेले आहेत हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. त्याआधीच्या सूत्रात योगाच्या नऊ अडथळ्यांची यादी आहे आणि तिच्यात पहिला शब्द ‘व्याधि’ आहे, ज्याला नुसते तत्त्वज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. हठयोगावरील हठप्रदीपिका या ग्रंथाने तीच गोष्ट ‘चले वाते चलं चित्तम्’, वायू हलला की चित्त हलते, अशा चार शब्दांत सांगितली आहे.

आपल्या सूचीत भर म्हणून एक गोष्ट सुचवतो. उलट दिशेने शोधावे. योगसूत्रांत कोश नाहीत, पण कोशांच्या वर्णनात ‘योग’ आहे. विज्ञानमयाचे वर्णन करताना उपनिषद म्हणते की श्रद्धा हे त्याचे डोके, ऋत हा उजवा पंख, सत्य हा डावा पंख आणि ‘योग आत्मा’, म्हणजे योग हे त्याचे धड. शंकराचार्य तेथे योगाचा अर्थ ‘युक्तिः समाधानम्’ असा देतात. समाधान हा शब्द आपण आज ‘मन भरले’ या अर्थाने वापरतो. मुळात तो ‘नीट एकत्र ठेवणे’ असा आहे.

प्रश्न : एका प्रदर्शनात यंत्राने माझ्या तेजोवलयाचे छायाचित्र काढले आणि उजव्या खांद्यापाशी प्राणमय कोशाला भोक पडल्याचे सांगितले. ते बुजवण्यासाठी सात बैठकांचे पैसे मागितले आहेत. द्यावेत का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : देऊ नयेत. प्राणमय म्हणजे कापड नव्हे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान ही पाच नावे कार्यांची आहेत: श्वास घेणे, मळ बाहेर टाकणे, सर्वांगात संचार, वर उचलणे, पचवणे. कार्य मंदावते, बिघडते, थांबते, पण त्याला भोक पडत नाही. उपनिषदात प्राणमयाचा उजवा पंख व्यान आहे, पण त्या यंत्रवाल्याने ते वाचलेले असण्याचा संभव फार कमी. खांदा खरोखरच दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा.

प्रश्न : गाढ झोपेत आपण आनंदमय कोशात असतो असे वाचले. मग आनंदमय हा आत्माच झाला ना? त्याला ‘कोश’ का म्हणायचे?
(एक विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना)

उत्तर : आपण नकळत एका जुन्या वादाच्या दारात येऊन उभ्या राहिला आहात. हा वाद ‘मय’ या प्रत्ययाचा आहे. मातीचे भांडे मृण्मय, म्हणजे मातीचा विकार, मातीपासून बनलेले. पण आपण ‘भक्तिमय वातावरण’ म्हणतो तेव्हा ते वातावरण भक्तीपासून बनवलेले नसते, त्यात भक्ती भरपूर असते. वेदान्ताचा सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच पादात ‘आनन्दमयोऽभ्यासात्’ असे सूत्र येते, आणि लगेच पुढच्या सूत्रात ‘मय’ हा विकाराचा शब्द आहे असा कोणी आक्षेप घेतला तर तो खरा नाही, कारण त्याचा अर्थ ‘प्राचुर्य’, म्हणजे विपुलता, असाही होतो, असे उत्तर दिले आहे. रामानुजाचार्य हा अर्थ धरून आनंदमय म्हणजे ब्रह्मच असे म्हणतात. शंकराचार्य आधी तसा अर्थ मांडतात आणि मग आपले मत वेगळे देतात: आधीच्या चार ठिकाणी ‘मय’ विकारार्थी घेतला आणि पाचव्या ठिकाणी तो अचानक बदलला, हे बरे नाही. आनंदमयाच्या वर्णनात ‘ब्रह्म पुच्छं प्रतिष्ठा’ असे आहे, म्हणजे ब्रह्म हा आनंदमयाचा आधार आहे, आणि म्हणून आनंदमय हाही एक कोशच. मला व्यक्तिशः शंकराचार्यांचा हा व्याकरणाचा मुद्दा वजनदार वाटतो, पण सूत्रकारांचे शब्द रामानुजाचार्यांच्या बाजूला झुकतात, हे नाकारता येत नाही.

कोश म्हणण्याचे आणखी एक साधे कारण आहे. आनंदमयाचे डोके ‘प्रिय’, उजवा पंख ‘मोद’ आणि डावा पंख ‘प्रमोद’ आहे. आवडती वस्तू दिसल्यावर होणारा आनंद तो प्रिय, ती हाती आल्याचा तो मोद, आणि तिचा उपभोग घेतानाचा तो प्रमोद. मार्केट यार्डातून हापूसची पेटी घरी आली की जिन्यातच वास येतो, मग गवतातून एक फळ काढून हातात घेतले जाते, मग ते चोखले जाते: तीन वेगवेगळे आनंद, आणि बाठा ताटलीत पडेपर्यंत तिन्ही संपलेले. जे येते आणि जाते ते वेदान्ताच्या दृष्टीने आत्मा होऊ शकत नाही.

झोपेचेही तसेच. सकाळी उठून आपण म्हणतो, ‘छान झोप लागली, काहीच कळले नाही’. संस्कृत ग्रंथांतले ‘सुखमहमस्वाप्सम्, न किञ्चिदवेदिषम्’ हे वाक्य शब्दशः हेच आहे. सुख होते आणि त्याच्याबरोबर न कळणेही होते. त्या न कळण्याला कारण शरीर म्हणतात, आणि ते झाकण आहे म्हणूनच तो कोश. याच वल्लीत पुढे आनंदाचे एक मोजमाप आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा आणि सगळ्या धनधान्याने भरलेल्या पृथ्वीचा मालक असा माणूस घ्यावा, त्याचा आनंद म्हणजे एक माप. मग त्याच्या शंभर पट, पुन्हा शंभर पट, असे करत ते प्रजापती आणि ब्रह्मापर्यंत जाते. जवळजवळ प्रत्येक पायरीवर उपनिषद एक पुरवणी जोडते: ‘श्रोत्रियस्य चाकामहतस्य’, हाच आनंद वासनेचा मार न बसलेल्या विद्वानालाही असतो, आणि त्याला पृथ्वीची मालकी लागत नाही. परीक्षा तोंडावर असेल तर हा भाग मुळातून वाचावा, तो सोपा आहे आणि मजेदारही.

प्रश्न : माझे वडील ८३ वर्षांचे आहेत. चार वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंश आहे. ते मला ओळखत नाहीत, कधीकधी ‘काका’ म्हणून हाक मारतात. पण पान वाढले की ताटाभोवती पाणी फिरवतात, उजवीकडे चित्राहुती घालतात आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत भाताचे पाच छोटे घास घेतात. एका परिचितांनी ‘त्यांचा विज्ञानमय कोश गेला, आता फक्त अन्नमय उरला’ असे सांगितले. हे खरे आहे का? पाणी टेबलभर होते म्हणून पत्नी म्हणते की हे थांबवावे.
(एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : आपले पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवले होते. आपल्या परिचितांचे म्हणणे खरे नाही, आणि ते सांगण्याची त्यांना गरजही नव्हती.

स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे आणि त्याबाबत डॉक्टरांचाच सल्ला चालेल. पंचकोश हे निदानाचे साधन नाही. नावे आणि चेहरे यांची आठवण जाते, पण हाताला पडलेले वळण पुष्कळदा बराच काळ टिकते, हे डॉक्टरही आपल्याला सांगतील. शास्त्राच्या बाजूने सांगायचे तर, वर पहिल्या उत्तरात लिहिले तसे, प्रत्येक आतला स्तर बाहेरच्याला भरून आहे. एक ‘गेला’ आणि एक ‘उरला’ अशी मांडणी त्या ग्रंथात नाही. वेदान्त याहून पुढे जातो आणि म्हणतो की बुद्धी हे साधन आहे. साधन मंदावले म्हणून ज्याच्या उजेडात ते चालते तो मंदावत नाही.

आपल्या वडिलांच्या हातून काय होते आहे, ते जवळून पाहावे. ताटाभोवती पाणी, उजवीकडे भाताच्या चिमट्या, मग तळहातावर घेतलेला पाण्याचा घोट आणि ‘अमृतोपस्तरणमसि’, हे पाणी अमृताचे आंथरूण आहे. मग न चावता गिळायचे पाच छोटे घास: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा. अन्न प्राणाला दिले जाते आहे, मंत्र मनातून येतो आहे आणि क्रम चुकत नाही. आपल्या पुष्कळ घरांतून हा विधी आता फक्त लग्नमुंजीत उरला आहे. तो रोज, न चुकता आणि कोणी आठवण न करता करणाऱ्या माणसाला ‘फक्त अन्नमय’ म्हणणाऱ्याने पंचकोशांचे नाव न घेतलेले बरे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीत भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे, जातो आणि ब्रह्म शिकवा म्हणतो. वडील थेट उत्तर देत नाहीत, ज्यापासून ही भूते जन्मतात ते जाणून घे एवढी खूण देतात आणि नंतर ‘तप कर’ म्हणतात. मुलगा तप करून येतो आणि त्याला वाटते की अन्न हेच ब्रह्म. पुन्हा तप, मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि पाचव्या वेळी आनंद. पाच स्तर झाले, गोष्ट संपायला हवी होती. पण उपनिषद तेथे थांबत नाही. आनंदापर्यंत पोहोचल्यानंतर पुढचाच भाग या वाक्याने सुरू होतो: ‘अन्नं न निन्द्यात्, तद् व्रतम्’, अन्नाची निंदा करू नये, हे व्रत आहे. मग अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ वाढवावे, दारी आलेल्याला परत पाठवू नये. सगळ्यांत आत जाऊन आलेला माणूस बाहेर येऊन ताटावर बसतो.

तेव्हा त्यांना थांबवू नये, असे मी आपल्या पत्नींना नम्रपणे सुचवीन. त्यांचेही चुकत नाही, दिवसभराचे आवरणे बहुधा त्यांच्याच वाट्याला येत असणार. भात मऊ असावा, घास अगदी लहान असावेत आणि जवळ कोणीतरी बसलेले असावे. या आजारात पुढे गिळण्याचा त्रास होऊ शकतो, आणि न चावता घेतलेला घास अडकू शकतो. जेवताना ठसका लागू लागला तर लगेच डॉक्टरांना विचारावे आणि ते म्हणतील त्याप्रमाणे घासांऐवजी नुसता हात ताटाला लावू द्यावा. पाण्यासाठी रुंद काठाचे ताट आणि खाली जुना पंचा पुरेल.